रिसेप्टर प्रथिनांची ऑनलाइन तुलना: आधी रकाने जुळवा, टक्के मग बघा

माणसाच्या बीटा-२ अ‍ॅड्रेनर्जिक रिसेप्टरमध्ये, म्हणजे अ‍ॅड्रेनालिनचा संदेश पेशीत पोचवणाऱ्या प्रथिनात, २८६व्या जागी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल आहे. बीटा-१मध्ये तोच ट्रिप्टोफॅन ३३७व्या जागी सापडतो, डोपामिन डी-२मध्ये ३८६व्या, आणि डी-२च्या आखूड रूपात ३५७व्या. क्रमांक वेगळे, पण रेणूतली जागा चारही ठिकाणी एकच आहे: सहाव्या हेलिक्सवर (मळसूत्री वेटोळ्यावर), रेणू बसण्याच्या खळग्याच्या तळाशी. तुलना करणाऱ्या साधनाचं खरं काम म्हणजे हे चारही ट्रिप्टोफॅन एकाखाली एक आणून ठेवणं. ते जमलं नसेल, तर खाली छापून आलेली ‘५४ टक्के साम्य’ वगैरे आकडेवारी कितीही नीटनेटकी दिसली तरी तिच्यावर काहीही उभं करता येत नाही.

पुढची माहिती मुख्यतः जी-प्रथिनाशी जोडलेल्या रिसेप्टरांबद्दल, म्हणजे जीपीसीआरबद्दल आहे. माणसात यांची सुमारे ८०० जनुकं आहेत, त्यातली निम्मी वासाची. सगळ्यांची बांधणी एकच, पेशीपटलातून आरपार जाणारी सात हेलिक्स आणि त्यांना जोडणारे लूप, त्यामुळे तुलनेचे नियम इथे सर्वांत स्वच्छ दिसतात. बाकीच्या कुळांसाठी काय बदलतं ते शेवटाकडे आहे. एक सोय: डेटाबेसचे क्रमांक इथे देवनागरीत लिहिले आहेत, शोधचौकटीत मात्र ते रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत टाका.

क्रम कुठून घ्यायचा

क्रम म्हणजे प्रथिनातली अमिनो आम्लं एकापुढे एक, प्रत्येकाला एक अक्षर. तो घ्यायचा युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसवरून. शोधचौकटीत नुसतं रिसेप्टरचं नाव टाकलं तर हजारो नोंदी येतात, त्यातल्या बहुतेक यंत्राने आपोआप तयार केलेल्या. डाव्या बाजूला ‘रिव्ह्यूड’ निवडा, म्हणजे फक्त स्विस-प्रॉटमधल्या, माणसांनी तपासलेल्या नोंदी उरतात. प्रजातीत ‘ह्यूमन’ निवडा. या लेखातल्या उदाहरणांसाठी बीटा-२ची नोंद पी०७५५० (४१३ अमिनो आम्लं), बीटा-१ची पी०८५८८ (४७७), आणि डी-२ची पी१४४१६ (४४३). उतरवून घेतल्यावर लांबी या आकड्यांशी ताडून बघा. मिनिटभराचं काम आहे, पण चुकीची नोंद उचलली असेल तर ती इथेच सापडते.

डाउनलोड करताना ‘फास्टा कॅनॉनिकल’ आणि ‘फास्टा कॅनॉनिकल अँड आयसोफॉर्म’ असे दोन पर्याय येतात (फास्टा म्हणजे क्रम लिहिण्याचं साधं टेक्स्ट स्वरूप, कॅनॉनिकल म्हणजे प्रमाण रूप, आयसोफॉर्म म्हणजे त्याच जनुकाची इतर रूपं). पहिला घ्या. डी-२ची लांब आणि आखूड अशी दोन रूपं आहेत. आखूड रूपात तिसऱ्या आतल्या लूपमधली २९ अमिनो आम्लं गायब असतात. दोन्ही रूपं एकाच फाइलमध्ये गेली तर पुढे वंशवृक्षात एकाच जनुकाच्या दोन फांद्या उगवतात आणि वाचणाऱ्याला ती दोन जनुकं वाटतात. जुने शोधनिबंध वाचताना लेखकांनी कुठलं रूप वापरलंय तेही बघावं लागतं: ३८६ आणि ३५७ यांतला २९चा फरक तिथूनच येतो.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो पीडीबीमधून, म्हणजे प्रथिनांच्या त्रिमितीय संरचनांच्या डेटाबेसमधून, क्रम उचलल्यावर. रिसेप्टरचा स्फटिक मिळावा म्हणून प्रयोगशाळेत त्याच्या मधोमध एक वेगळंच, घट्ट बांध्याचं प्रथिन शिवलेलं असतं. २००७च्या प्रसिद्ध बीटा-२ संरचनेचा, २आरएच१चा, क्रम फास्टामध्ये उतरवला तर पाचव्या आणि सहाव्या हेलिक्समधल्या लूपच्या जागी विषाणूचं टी-४ लायसोझाइम येतं, तब्बल १६० अमिनो आम्लांचं. संरचनेच्या फाइलमध्ये त्याला १००२ ते ११६१ असे वेगळे क्रमांक दिले आहेत, पण फास्टामध्ये तसली काहीच खूण नसते. अक्षरं सरळ एकापुढे एक येतात. शिवाय साखर चिकटू नये म्हणून १८७व्या जागचं अ‍ॅस्परजिन बदलून ग्लुटामेट केलेलं आहे. असा क्रम ब्लास्टला, म्हणजे डेटाबेसमध्ये सारखे क्रम शोधणाऱ्या साधनाला, दिला की निकालात जीवाणूभक्षी विषाणूंची प्रथिनं येतात आणि शोधणारा चक्रावतो. काही संरचनांत लायसोझाइमऐवजी ब्रिल नावाचं छोटं प्रथिन असतं. २०११च्या ३एसएन६मध्ये लायसोझाइम रिसेप्टरच्या मध्ये नाही, सुरुवातीला जोडलंय. तेव्हा संरचना पीडीबीमधून बघा, क्रम मात्र युनिप्रॉटमधूनच घ्या. पीडीबीच्या प्रत्येक पानावर युनिप्रॉटचा दुवा असतोच.

फास्टा फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये ठेवा, वर्ड प्रोसेसरमध्ये नको. ‘मोठं’ चिन्हाने (>) सुरू होणारी शीर्षकओळ छोटी करा: बरीच साधनं पहिल्या मोकळ्या जागेपर्यंतचाच मजकूर नाव म्हणून धरतात, आणि काही तोही पुढे कापतात. दोन क्रमांची नावं कापल्यावर सारखीच उरली, तर साधन एक तर अडतं किंवा, जे जास्त वाईट, मुकाट्याने पुढे जातं. ‘बी२_मानव’ इतकं पुरे, अर्थात रोमन लिपीत.

दोनच क्रम असतील तर

युरोपीय जैवमाहिती संस्थेच्या, म्हणजे ईएमबीएल-ईबीआयच्या, संकेतस्थळावर नीडल आणि वॉटर ही दोन साधनं आहेत. नीडल दोन्ही क्रम पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत ताणून जुळवतं. १९७०ची नीडलमन-वुन्श पद्धत. वॉटर फक्त सर्वांत चांगला जुळणारा तुकडा देतं. १९८१ची स्मिथ-वॉटरमन पद्धत. एकाच कुळातले, जवळपास सारख्या लांबीचे रिसेप्टर असतील तर नीडल. एकात मोठा बाहेरचा भाग आहे आणि दुसऱ्यात नाही, किंवा तुमच्याकडे अर्धवट क्रम आहे, तर वॉटर. दोन्हीकडे सुरुवातीला ब्लोसम-६२ सारणी (कुठल्या अमिनो आम्लासमोर कुठलं आलं तर किती गुण हे सांगणारी), गॅप (जुळणीत सोडलेली रिकामी घरं) उघडण्याचा दंड १० आणि वाढवण्याचा ०.५ असतो. ब्लास्टमध्ये हेच आकडे ११ आणि १ आहेत. म्हणून नीडलचा स्कोअर आणि ब्लास्टचा स्कोअर एकमेकांशेजारी ठेवू नका, त्यांची मापंच वेगळी आहेत.

टक्केवारीचंही तसंच. समजा दोन क्रमांत २४० जागा तंतोतंत जुळल्या. जुळणीची एकूण लांबी गॅपसकट ४८० असेल तर नीडल ५० टक्के म्हणेल. तुम्ही आखूड क्रमाच्या ४०० या लांबीने भागलंत तर तेच ६० टक्के होतात. ब्लास्ट फक्त जुळलेल्या तुकड्याच्या लांबीने भागतं, त्यामुळे तिथे आणखी वेगळा आकडा येईल. यातला एकही खोटा नाही. मात्र टक्के लिहिताना कशाने भागलं हे लिहिलं नाही, तर तो आकडा दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही. आमचं मत विचाराल तर जीपीसीआरसाठी सात हेलिक्सपुरतेच टक्के काढावेत. दोन्ही टोकांच्या शेपट्या आणि तिसरा आतला लूप इतके मनमानी बदलतात की त्यांच्यामुळे जवळचे नातेवाईकही परके दिसायला लागतात.

तीन किंवा जास्त क्रम

फक्त चाळायचं असेल तर युनिप्रॉटमध्येच नोंदी बास्केटमध्ये टाका आणि ‘अलाइन’ दाबा. तिथे आतून क्लस्टल ओमेगा हे अनेक क्रम एकत्र जुळवणारं साधनच चालतं. हेच साधन ईबीआयवर स्वतंत्र चालवलं तर एका वेळी ४,००० क्रम किंवा ४ एमबीची फाइल चालते. क्लस्टल ओमेगा वेगवान आहे आणि जवळच्या रिसेप्टरांसाठी उत्तम, पण त्यात गॅपचे दंड बदलता येत नाहीत. निकाल आवडला नाही तर त्याला समजावण्याचा मार्गच नाही, साधन बदलावं लागतं.

बदलून घ्यायचं ते माफ्ट. त्यात पद्धत निवडता येते आणि रिसेप्टरांच्या बाबतीत ही निवड फार मोलाची आहे. ई-आयएनएस-आय ही पद्धत अशा क्रमांसाठी आहे ज्यांत जुळणाऱ्या तुकड्यांच्या मध्ये लांबलचक न जुळणारे भाग असतात. जीपीसीआरचं वर्णन याहून नेमकं करता येणार नाही: सात टिकाऊ हेलिक्स आणि त्यांच्यामध्ये कितीही लांबीचे लूप. एल-आयएनएस-आय एकाच डोमेनसाठी (प्रथिनाच्या स्वतंत्र घडी होणाऱ्या भागासाठी), जसं नुसता कायनेज भाग. जी-आयएनएस-आय पूर्ण लांबीत सारख्या असलेल्या क्रमांसाठी. तिन्ही पद्धती संथ आहेत, साधारण २०० क्रमांपर्यंत वापराव्यात. ‘ऑटो’वर सोडून दिलं तर माफ्ट क्रमांची संख्या आणि लांबी बघून ठरवतं, त्या क्रमांत लूप आहेत की नाही हे त्याला कळत नाही.

क्लस्टल स्वरूपातल्या निकालात प्रत्येक रकान्याखाली चिन्ह येतं: तारा म्हणजे सगळीकडे तेच अमिनो आम्ल, दोन टिंबं म्हणजे गुणांनी जवळचं, एक टिंब म्हणजे दूरचं साम्य. तारे मोजून समाधान मानू नका. पाच जवळच्या क्रमांत तारे भरपूर असणारच. त्यांत एक दूरचा क्रम घातला की उरतील ते तारे बघण्यासारखे.

जुळणी बरोबर आहे हे कसं ओळखायचं

साधन कधीही ‘जमलं नाही’ असं म्हणत नाही. हिमोग्लोबिन आणि रिसेप्टर दिले तरी ते इमानेइतबारे जुळवून देतं. म्हणून निकाल आल्यावर पहिली दहा मिनिटं तपासणीला द्या.

‘ए’ वर्गाच्या जीपीसीआरमध्ये प्रत्येक हेलिक्सवर एक अमिनो आम्ल सर्वांत जास्त टिकून आहे. १९९५मध्ये बॅलेस्टेरोस आणि वाइनस्टाइन यांनी त्याला ५० हा क्रमांक दिला आणि बाकीचे त्याच्या मागेपुढे मोजले. पहिला अंक हेलिक्सचा, टिंबानंतरचा त्या हेलिक्सवरच्या जागेचा. बीटा-२मध्ये हे सात खुंटे असे: १.५० अ‍ॅस्परजिन ५१, २.५० अ‍ॅस्पार्टेट ७९, ३.५० आर्जिनिन १३१, ४.५० ट्रिप्टोफॅन १५८, ५.५० प्रोलिन २११, ६.५० प्रोलिन २८८ आणि ७.५० प्रोलिन ३२३. डी-२मध्ये तेच अनुक्रमे ५२, ८०, १३२, १६०, २०१, ३८८, ४२३. बीटा-१मध्ये ७६, १०४, १५६, १८३, २३६, ३३९, ३७४.

आता वजाबाकी करा. बीटा-२पेक्षा डी-२ पहिल्या तीन हेलिक्सवर १ने पुढे आहे, चौथ्यावर २ने पुढे, पाचव्यावर १०ने मागे, आणि सहाव्या-सातव्यावर १००ने पुढे. प्रत्येक बदल लूपमध्ये घडलाय: तिसऱ्या-चौथ्याच्या मधल्या लूपमध्ये एक अमिनो आम्ल जास्त, बाहेरच्या दुसऱ्या लूपच्या भागात बारा कमी, आणि आतल्या तिसऱ्या लूपमध्ये एकशेदहा जास्त. बीटा-१मध्ये पाचव्या हेलिक्सपर्यंत फरक २५ राहतो, सहाव्या-सातव्यावर ५१ होतो, म्हणजे तिसऱ्या आतल्या लूपमध्ये २६ जास्त. ही वजाबाकी म्हणजे आमच्या माहितीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासू तपासणी आहे. एकाच हेलिक्सच्या सुरुवातीला आणि शेवटी फरक सारखा राहिला पाहिजे. तो मध्येच बदलला तर साधनाने हेलिक्सच्या पोटात गॅप घातलाय आणि ती जुळणी, एका अपवादाखेरीज, चुकीची आहे. अपवाद पुढे येतो.

खुंट्यांनंतर कामाच्या जागा बघा. ३.३२वर बीटा-२मध्ये अ‍ॅस्पार्टेट ११३, बीटा-१मध्ये १३८, डी-२मध्ये ११४: अ‍ॅड्रेनालिन, डोपामिन यांसारख्या अमाइन रेणूंचं धनभारित टोक पकडणारं हेच. अमाइन रिसेप्टरांच्या जुळणीत या रकान्यात दुसरं काही दिसलं तर तिसरं हेलिक्स घसरलंय असं समजा. पाचव्या हेलिक्सवर तीन सेरिन: बीटा-२मध्ये २०३, २०४, २०७ आणि डी-२मध्ये १९३, १९४, १९७. दहाचा फरक इथेही टिकला, म्हणजे पाचवं हेलिक्स सरळ बसलंय.

ठरलेल्या अक्षरजोड्या शोधतानाही डोळे उघडे हवेत. तिसऱ्या हेलिक्सच्या शेवटी अ‍ॅस्पार्टेट-आर्जिनिन-टायरोसिन ही त्रयी असते, बीटा-२मध्ये १३० ते १३२. ऱ्होडॉप्सिनमध्ये (डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या रिसेप्टरमध्ये) मात्र पहिल्या जागी ग्लुटामेट आहे. त्रयीची अक्षरं जशीच्या तशी शोधली तर ऱ्होडॉप्सिन सापडतच नाही. सातव्या हेलिक्सच्या शेवटी अ‍ॅस्परजिन-प्रोलिन, मग कुठलीही दोन, मग टायरोसिन: बीटा-२मध्ये ३२२, ३२३ आणि ३२६.

एक जागा जवळून बघू, कारण इथे चांगली साधनंही अडखळतात. तिसऱ्या हेलिक्सच्या वरच्या टोकाचं सिस्टीन (३.२५, बीटा-२मध्ये १०६) बाहेरच्या दुसऱ्या लूपमधल्या सिस्टीनशी गंधकबंधाने जोडलेलं असतं. डी-२च्या या लूपमध्ये एकच सिस्टीन आहे, १८२. बीटा-२मध्ये मात्र तीन: १८४, १९० आणि १९१. यातलं १८४ आणि १९० आपसात बांधलेली आहेत, हेलिक्सशी बांधलेलं आहे ते १९१. डी-२चं १८२ येऊन बसलं पाहिजे १९१खाली. पण साधनाला गंधकबंध दिसत नाही, त्याला दिसतात एकाशेजारी एक दोन सिस्टीन, आणि दोन्हीपैकी कुठलंही निवडलं तरी स्कोअर जवळपास तेवढाच. १९०खाली बसलं तर गॅप एका घराने सरकतो. हे हाताने दुरुस्त करायचं असतं, आणि ते करणं म्हणजे फसवणूक नाही. संरचनेतून माहीत असलेली गोष्ट जुळणीत उतरवणं आहे.

दुरुस्तीसाठी जालव्यू वापरा. ते संगणकावर बसवता येतं आणि ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्तीही आहे. जुळणी उघडा, रंग ‘क्लस्टल’ किंवा ‘हायड्रोफोबिसिटी’ निवडा. हेलिक्सचे सात पट्टे रंगानेच दिसायला लागतात आणि घसरलेला क्रम पट्ट्याबाहेर डोकावतो. शेपट्यांचे रकाने पुसू नका, लपवा. मूळ क्रमांक शाबूत राहतात. रिसेप्टरच्या बाबतीत क्रमांक हरवणं ही परवडणारी चूक नाही.

जीपीसीआरडीबी: हे सगळं आधीच जुळवलेलं

रिसेप्टर जीपीसीआर असेल आणि ओळखीचा असेल तर वरची मेहनत बरीच वाचते. जीपीसीआरडीबी हा डेटाबेस १९९३पासून आहे आणि आता कोपनहेगनमधला गट तो सांभाळतो. त्यातल्या जुळण्या संरचनांच्या आधाराने तपासलेल्या असतात. वापरायची रीत अशी: ‘सीक्वेन्स अलाइनमेंट’ उघडा. पहिल्या पडद्यावर रिसेप्टर निवडा, एकेक करून किंवा अख्खं कूळ. प्रजातीच्या गाळणीत फक्त माणूस ठेवा, नाहीतर उंदीर-घुशींचे क्रमही आत येतात. दुसऱ्या पडद्यावर प्रथिनाचे भाग निवडा: सातही हेलिक्स आणि आठवं आखूड हेलिक्स घ्या, लूप आणि शेपट्या सोडा. औषधाच्या खळग्यापुरतीच तुलना हवी असेल तर इथे सुट्या जागाही निवडता येतात, आणि औषधनिर्मितीच्या कामात हाच पर्याय सर्वांत उपयोगी पडतो. मग जुळणी दाखवायला सांगा. त्याच निवडीवरून साम्याची चौकटसारणी, म्हणजे कोण कुणाशी किती टक्के, आणि वंशवृक्षही काढता येतात.

इथले क्रमांक थोडे वेगळे दिसतील: टिंबाऐवजी फुली. अपवादाचा मुद्दा हाच. काही रिसेप्टरांच्या हेलिक्समध्ये फुगवटा असतो, एक अमिनो आम्ल जास्तीचं वेटोळ्यातून बाहेर आलेलं. बीटा-२च्या पाचव्या हेलिक्सवर तो आहे. अक्षरांच्या हिशेबात सेरिन २०७ची जागा ५.४६, पण संरचनेत फुगवटा तिथेच आहे, म्हणून जीपीसीआरडीबी तिला ५ फुली ४६१ म्हणतो, आणि त्याच्या वरच्या जागा एकेकाने सरकतात: सेरिन २०३ टिंबाने ५.४२, फुलीने ५ फुली ४३. फुगवटा असलेला आणि नसलेला रिसेप्टर जुळवताना हेलिक्सच्या मध्ये एका अक्षराचा गॅप येणं हे बरोबरच असतं. लिहिताना कुठली पद्धत वापरली ते स्पष्ट करा, नाहीतर ‘५.४३’ म्हणजे २०३ की २०४ यावर पुढचा वाचक अडेल.

५० हा खुंटा वर्गावर्गानुसार बदलतो हेही ध्यानात असू द्या. सिक्रेटिन कुळाचा ‘बी’ वर्ग, ग्लुटामेटचा ‘सी’ आणि फ्रिझल्डचा ‘एफ’ यांचे खुंटे वेगळे आहेत. ‘ए’मधला ६.५० आणि ‘बी’मधला ६.५० एकमेकांसमोर येतीलच असं नाही.

अनोळखी क्रमाचे नातेवाईक शोधताना

ब्लास्टमध्ये प्रथिनाला प्रथिन जुळवणारा पर्याय घ्या, आणि डेटाबेस म्हणून आधी स्विस-प्रॉट, जवळपास सगळे क्रम असलेला मोठा एनआर नंतर. स्विस-प्रॉटमध्ये साडेपाच लाखांहून अधिक नोंदी आहेत आणि प्रत्येकीला नाव आहे. एनआरमध्ये पहिले शंभर निकाल ‘भाकीत केलेलं प्रथिन’ याच नावाने भरून जातात. ई-मूल्य (इतकी चांगली जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा मिळेल याचा अंदाज) डेटाबेसच्या आकारावर अवलंबून असतं, तीच जुळणी मोठ्या डेटाबेसमध्ये जास्त ई-मूल्य घेऊन येते. म्हणून दोन वेगळ्या डेटाबेसमधली ई-मूल्यं एका तक्त्यात मांडू नका.

पटलातल्या प्रथिनांचा एक खास सापळा आहे. हेलिक्सचे भाग ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, फिनाइलअ‍ॅलनिन यांनीच भरलेले असतात, कारण त्यांना तेलकट पटलात राहायचं असतं. त्यामुळे रिसेप्टर आणि एखादं पूर्णपणे परकं वाहक प्रथिन यांच्यातही शंभरेक अक्षरांवर वीस-पंचवीस टक्के साम्य सहज दिसतं. त्याला नातं समजू नका. ब्लास्टमधली रचनेनुसार स्कोअर सुधारण्याची सोय बंद करू नका, आणि निकालात ‘क्वेरी कव्हरेज’, म्हणजे तुमच्या क्रमाचा किती भाग जुळला, ते बघा: सातपैकी दोनच हेलिक्स जुळत असतील तर शंका घ्या. उलट, अक्षरांचं साम्य २० ते ३५ टक्क्यांत असेल तो पट्टा संधिप्रकाशाचा. खरे नातेवाईक आणि योगायोग दोन्ही तिथे राहतात. तिथे पीएसआय-ब्लास्ट (सापडलेल्या क्रमांच्या आधाराने फेरीफेरीने शोध वाढवणारं) वापरा, पण प्रत्येक फेरीनंतर यादी वाचून परके क्रम काढून टाका. एक परका आत शिरला की पुढच्या फेरीत तो आपले नातेवाईक घेऊन येतो आणि मग सगळा शोध भरकटतो.

त्याहून दूरच्या नात्यासाठी अक्षरं पुरत नाहीत, आकार जुळवावा लागतो. अल्फाफोल्ड डेटाबेसमधून अंदाजित संरचना घ्या आणि ती फोल्डसीकच्या, म्हणजे सारखे आकार शोधणाऱ्या साधनाच्या, संकेतस्थळावर चढवा. मात्र सात हेलिक्सचा गठ्ठा निसर्गात एकदाच घडलेला नाही: जीवाणूंच्या ऱ्होडॉप्सिनलाही सात हेलिक्स आहेत, आणि ती जीपीसीआर नाहीत.

वंशवृक्षाबद्दल थोडक्यात. क्लस्टल ओमेगाबरोबर येणारा ‘गाइड ट्री’ हा वंशवृक्ष नाही, जुळणीचा क्रम ठरवायला केलेला कच्चा अंदाज आहे. तो शोधनिबंधात छापू नका. लूप वगळलेली जुळणी आयक्यू-ट्रीच्या वेब सर्व्हरवर द्या, अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप (फांद्या किती भरवशाच्या ते सांगणारी चाचणी) १,००० ठेवा आणि ९५च्या खालच्या फांद्यांवर काही बोलू नका.

इतर कुळांत काय बदलतं

टायरोसिन कायनेज रिसेप्टर हे डोमेनांचे तुकडे जोडून बनलेले असतात. पूर्ण लांबीची जुळणी आधी करू नका. इंटरप्रो या डोमेन ओळखणाऱ्या डेटाबेसमध्ये क्रम टाका, डोमेनांच्या हद्दी घ्या आणि कायनेज भाग वेगळा, बाहेरचा भाग वेगळा जुळवा. इथला मोठा घोटाळा क्रमांकांचा. सुरुवातीचा सिग्नल पेप्टाइड नंतर कापला जातो, काही लेखक तो धरून मोजतात तर काही सोडून. ईजीएफआर या वाढघटकाच्या रिसेप्टरमध्ये तो २४ अमिनो आम्लांचा आहे, म्हणून कर्करोगातला प्रसिद्ध ल्युसिन ८५८ बदल जुन्या लेखनात ८३४ म्हणून येतो. इन्सुलिन रिसेप्टरमध्ये हाच फरक २७, आणि त्यावर दोन रूपांमधला १२ अमिनो आम्लांचा फरक वेगळा. सिग्नल पेप्टाइडही तेलकटच असतो, त्यामुळे साधी भाकीत साधनं त्याला पटलातलं हेलिक्स समजतात. फोबियस किंवा डीपटीएमएचएमएम दोन्ही एकत्र तपासतात, ती वापरा.

टी-पेशी रिसेप्टर आणि प्रतिपिंडांसाठी क्लस्टलच्या वाटेला जाऊ नका. इथे आयएमजीटी या प्रतिकारप्रथिनांच्या डेटाबेसचे क्रमांक चालतात: २३ आणि १०४वर सिस्टीन, ४१वर ट्रिप्टोफॅन, आणि सर्वांत बदलणारा, परका रेणू ओळखणारा सीडीआर-३ हा तुकडा १०५ ते ११७. त्या भागात समान पूर्वजच नसतो, तो प्रत्येक पेशीत नव्याने जोडला जातो, म्हणून तिथे वंशवृक्ष काढण्याला अर्थ नाही. न्यूक्लिओटाइड क्रम असेल तर आयएमजीटी व्ही-क्वेस्टला द्या.

जपून ठेवायच्या गोष्टी

ईबीआयवरचे निकाल सात दिवस राहतात, ब्लास्टचे साधारण एक दिवस. दुवा जपून उपयोग नाही, फाइल उतरवा. तिच्याबरोबर एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा: युनिप्रॉटचं प्रकाशन (वर्ष आणि त्या वर्षातला क्रमांक असं ते लिहिलेलं असतं), प्रत्येक क्रमाचा नोंदक्रमांक आणि रूप, साधनाची आवृत्ती, पद्धत, गॅपचे दंड, आणि हाताने सरकवलेले रकाने कुठले व का. मूळ जुळणी आणि दुरुस्त केलेली जुळणी अशा दोन वेगळ्या फाइली ठेवा. आणि तुमचा क्रम अजून प्रसिद्ध झालेला नसेल किंवा त्यावर पेटंट घ्यायचं असेल, तर तो सार्वजनिक सर्व्हरवर टाकूच नका: ब्लास्ट, माफ्ट आणि क्लस्टल ओमेगा तिन्ही फुकट मिळतात आणि साध्या लॅपटॉपवर चालतात.